बुडत्या जहाजाचं चित्र

माझी लेक मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. गेल्या सुट्टीत तिने एका जुन्या जहाजफुटीच्या चित्राची मोठी छापील प्रत आणली आणि हॉलमध्ये टांगली. शिडं फाटलेली, डोलकाठी मोडलेली, माणसं दोरांना लोंबकळलेली.

"अगं, असलं कुणी घरात लावतं का?" मी म्हटलं.

"आई, तू नुसतं जहाजच बघतेस. ही होडी बघ ना, त्यांना आणायला निघालीय."

ती पुन्हा जहाजावर गेली. आता कित्येक दिवसांत तिचा फोन नाही, आणि तिकडच्या समुद्रात वादळ आहे असं बातम्यांत सांगतात. मी सारखी चित्रासमोर जाऊन उभी राहते. होडी कधी जहाजाच्या अगदी जवळ पोचल्यासारखी वाटते, कधी तसूभरही पुढे सरकलेली नसते. चित्रकाराने लाटेवरचा फेससुद्धा मन लावून रंगवलाय, किनाऱ्यावर मात्र कुणीच काढलेलं नाही. खरं तर तिथे गर्दी असणार. वाट बघणाऱ्यांना वादळात काही करताच येत नाही, म्हणून त्यांना चित्रातही जागा मिळत नसावी.

आज दुपारी फोन वाजला.

"आई, जहाजावरचं नेटच बंद पडलं होतं गं. मी बरी आहे. तू जेवलीस ना?"

"हो," मी म्हटलं. फोन ठेवला आणि आत जाऊन भाताचा कुकर लावला.