दादाचा डावा कान

बी.ए.साठी मी पुण्याला निघाले, तेव्हा आळेफाट्यावर सोडायला दादा आला होता. माझी पत्र्याची पेटी त्याने एसटीत चढवली. मी खिडकीतून म्हणाले, "येते रे." त्याने उजवा कान माझ्याकडे केला.

"आं? मोठ्यानं बोल की, मास्तरीणबाई! पोचली की पीसीओवरनं ग्यारेजला फोन कर."

गाडी हलली आणि मी रडले. घर सुटलं म्हणून रडली, असं आई सगळ्यांना सांगायची. ते खरं नव्हतं.

मी नववीत असताना दादा नापास होऊन माझ्याच वर्गात आला होता. आमच्या गावची, निमगाव साव्याची, त्या वर्गातली मंडळी आज कुठे कुठे पांगली आहेत, पण इंग्रजीच्या सरांची पद्धत कुणी विसरलं नसेल. निरगुडीची काठी आपणच शेतावरून आणायची, आणि ज्याचं उत्तर बरोबर त्याने चुकलेल्या सगळ्यांच्या कानाखाली थप्पड वाजवायची.

त्या दिवशी पॅसिव्ह व्हॉइस होता. फळ्यावर वाक्य होतं, 'यू मस्ट फिनिश द वर्क'. मस्ट, कॅन, शुड आलं की पुढे 'बी' आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप, हे सरांनी आदल्या दिवशी काठी आपटत घोकून घेतलं होतं. एकेक मुलगा उठला आणि चुकला. दादाही 'द वर्क मस्ट फिनिश्ड' म्हणून अडकला. मी म्हणाले, "द वर्क मस्ट बी फिनिश्ड."

"शाब्बास. आता वाजव."

दादाची पाळी आली तेव्हा त्याच्या गालाला मी नुसता हात टेकवला. पोरं हसली. सरांनी माझं बखोट धरलं आणि अशी कानशिलात दिली की मी बाकावर आपटले. "असं मारायचं! नाहीतर तुलाच अजून पडतील." माझा ओठ फुटला होता.

दादा हळूच म्हणाला, "मार गं. मला न्हाई लागत."

मी अंगातला सगळा जोर लावून मारलं. तो गुडघ्यावर बसला. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार कॉलरवर उतरली. सर फळा पुसायला लागले.

"कान कशानं फुटला?" घरी आबांनी, आमच्या वडिलांनी, विचारलं.

"बांधावरनं पडलो," दादा म्हणाला. भावावर हात टाकणारी पोर म्हणून माझी शाळा त्याच दिवशी बंद झाली असती, हे त्याला ठाऊक होतं.

पण त्यानंतर तो स्वतः शाळेत गेला नाही. आबांनी त्याला मेंढरांच्या काठीने अंगणात झोडपलं, काठी मोडेपर्यंत. आई मध्ये पडली, तिलाही बसली. दादाने तोंड उघडलं नाही. महिन्याभरात तो आळेफाट्याच्या ग्यारेजात लागला.

आज मी पुण्यात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात कुणी कुणाला मारत नाही. तरी तो धडा आला की माझा तळहात जळतो.

मागच्या दिवाळीला गावी माझ्या मुलीने मामाला डाव्या कानानं ऐकू का येत नाही, ते विचारलं. "बांधावरनं पडलो व्हतो," दादा सवयीने म्हणाला.

मला राहवलं नाही. "नाही. मी मारलं होतं."

आबा खाटेवर तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय. गालावर बोटं उठली व्हती. लई बारकी व्हती."

दादाने विचारलं, "मग मला कशापायी झोडपलं, आबा?"

"तू बी शिकावं म्हणून."

माझा पत्ता आता पुण्याचा आहे. पण रस्त्याने कुणाहीबरोबर चालताना मी आपसूक त्याच्या उजव्या हाताला जाते. घर माझ्याबरोबर आलं आहे, ते असं.