गलांडीची गोधडी

मांजरांना मुक्कामाला ठेवायची जागा असते आणि लोक गावाला जाताना तिथे आपली मांजरं सोडून जातात, हे पुतण्यानं, किशोरनं सांगितलं तेव्हा मंगलाबाईंनी त्याला चक्क वेड्यात काढलं. मांजराला कशाला लागतंय लॉज? स्वतःच्या पायानं येणारं आणि स्वतःच्या पायानं जाणारं जनावर ते. त्यांच्या येवल्याकडच्या माहेरी अशी कितीतरी मांजरं आली आणि गेली, कोणी त्यांना कधी नावसुद्धा दिलं नाही. आता उद्या कोंबड्यांसाठी मंगल कार्यालय काढा म्हणावं.

हसून झालं, आणि मग त्यांनीच ओट्याशी उभं राहून त्याला त्या जागांचे पत्ते विचारले. कारण दुसरा इलाज काय होता?

रूपाली, त्यांची एकुलती एक लेक, नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला. पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, तशी रीत. मंगलाबाईंनी डिंक-अळीव आणून ठेवले होते, पुढची खोली सारवल्यासारखी लख्ख केली होती. पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं, प्रवास तर बोलूच नका. तिला सासू नाही. रोज संध्याकाळी फोनवर ती एवढंच विचारायची, आई, तू कधी येतेस? आणि मंगलाबाई म्हणायच्या, येते गं, गलांडीचं काहीतरी लावते आणि येते. लेकीकडे जायला त्यांचा जीव नुसता तुटत होता. पण पाय निघत नव्हता.

गलांडी म्हणजे त्यांची मांजर. मखमलाबादच्या शिवारात त्यांचा गुलछडीचा मळा, बांधाला गलांड्याची लावण. एके दिवशी मंगलाबाईंचे मालक सहादू फुलं खुडत होते, आणि गलांड्याच्या ताटव्यात त्यांना तांबूस-पिवळं काहीतरी हललेलं दिसलं. फुलंच वाटली. हात घातला तर फिस्स्! बोटातून रक्त आलं तरी माणूस हसतोय. फुलांच्या पाटीत घालून तिला घरी आणली, आणि नाव ठेवायला काही डोकं चालवावंच लागलं नाही. तेव्हापासून बाजारातून येताना ते सुकटीची पुडी आणायचे. मंगलाबाईंसाठी कधी गजरा आणला नाही, हे त्या सगळ्यांना सांगत. फुलाच्या मळ्यातल्या बाईला गजरा कशाला, असं सहादूंचं म्हणणं. बरोबरच होतं म्हणा, पण मनाला लागायचं.

मागच्या वर्षी सहादू गेले. मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दहाव्याच्या आधीच मंगलाबाईंची धाकटी जाऊ फुलाबाई, म्हणजे किशोरची आई, गाठोडं बांधायला बसली. सदरे गेले, टोपी गेली, चादर गेली. राहिली गोधडी. मंगलाबाईंनी स्वतःच्या हातानं, त्यांच्या विरलेल्या पायजम्यांची आणि आपल्या सुती साड्यांची शिवलेली. फुलाबाईनं तिच्याकडे हात नेला, तर वर गलांडी अंगाचं वेटोळं करून झोपलेली. मंगलाबाई पटकन बोलून गेल्या, राहू दे ती, मांजरीची गोधडी आहे. मांजरीनं लोळलेली वस्तू कुणाला द्यायची? फुलाबाईनं नाक मुरडलं आणि गाठोड्याला गाठ मारली.

अशी ती गोधडी वाचली. त्यात सहादूंचा वास होता. तंबाखूचा, घामाचा, गुलछडीचा. वर्षभर मंगलाबाईंनी ती धुतली नाही. रोज दिवेलागणीला गलांडी तिच्यावर जाऊन बसे, आणि मंगलाबाई एका कडेला डोकं टेकत. त्यांना पक्कं वाटे की ही मांजर धन्याची वाट बघतेय. आपल्यासारखीच. म्हणून तिच्यावर त्यांचा राग नव्हता, आणि फार लाडही नव्हता. दोघी एकाच माणसाच्या मागं राहिलेल्या, एवढंच नातं.

किशोरच्या घरी तिला ठेवता आलं असतं. पण त्याच्याकडे दोन कुत्रे. मागे सटाण्याला लग्नाला जाताना ठेवून पाहिली होती, तर बया सगळं शिवार तुडवून परत आली आणि कुलूप लावलेल्या दाराशी बसून राहिली. मंगलाबाई आल्या तेव्हा तिचा एक कान फाटलेला.

तेव्हा शहरातल्या जागा बघायला निघाली किशोरची मोटारसायकल. मागे मंगलाबाई, डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी.

गंगापूर रोडवरची पहिली जागा म्हणजे नुसता चकचकाट. मांजरांना काचेच्या खोल्या, एसी, आणि मालकाला मोबाईलवर घरबसल्या मांजर दिसायची सोय. तिथली मुलगी गोड बोलत होती. किशोर तर पार भाळला. मंगलाबाई मात्र मांजरांकडे बघत राहिल्या. जी ती काचेला पाठ करून भिंतीकडे तोंड केलेली, आणि भिंतीच्या पलीकडे त्याच लोकांनी ठेवलेले कुत्रे भुंकतायत. फाटक्या कानाची आठवण झाली आणि त्या चहा न घेताच उठल्या.

दुसरी जागा इंदिरानगरात, एका प्रेमळ जोडप्याच्या घरात. पिंजरा नाही, कुलूप नाही, सगळी मांजरं दिवाणखान्यात मोकळी, कुणी सोफ्यावर, कुणी टीव्हीवर. मंगलाबाईंना आवडलंच. पण एक मांजर शिंकत होतं, डोळ्यांना चिपडं, आणि ते सगळ्यांच्याच वाटीत तोंड घालत होतं. गलांडीला टोचलंय का, हे कुणी विचारलंही नाही. करपा आलेलं एक रोप वाफ्यात ठेवलं की वाफा जातो, हे मळेकरणीला काय सांगायचं? त्या जोडप्याला वाईट वाटू नये म्हणून मंगलाबाईंनी लाडू खाल्ला, पाणी प्याल्या आणि बाहेर आल्यावर किशोरला म्हणाल्या, इथं नाय.

पाथर्डी गावाजवळची सविता ही तिसरी. तिनं आधी दारातच हात धुवायला लावले. आतल्या मांजरांना हात लावू दिला नाही. प्रत्येकाला वेगळा कप्पा, लपायला खोकं, चढायला फळी, खिडकीला जाळी. दर विचारला तर म्हणाली, ते नंतर. लस दिल्याचं कार्ड आहे का? नव्हतं. मग लस द्या आणि पुढच्या पंधरवड्यात या, त्याशिवाय मी दारात घेणार नाही. किशोरला राग आला. मंगलाबाईंना ती बाई तिथेच पसंत पडली. जी दुसऱ्याच्या मांजरासाठी आपल्याला परत पाठवते, ती आपल्या मांजरासाठीही कुणाला तरी परत पाठवेल, असा त्यांचा साधा हिशेब.

लस देऊन परत गेल्या तेव्हा सवितानं बसवून घेतलं. काय खाते, कशाला घाबरते, पाहुणे आले की कुठे दडते. मग विचारलं, "काकू, ही घरात कोणाची?"

"ह्यांची," मंगलाबाई म्हणाल्या. "मी नुस्ती सांभाळते."

आधी दोन दिवस ठेवून बघू, असं सवितानं ठरवलं. रुळली तर तुम्ही बेंगळुरूला निर्धास्त जा. आणि येताना ती ज्यावर झोपते ते अंथरूण आणा, घरचा वास असला की मांजराला धीर येतो.

आता इथे काय झालं ते ऐका. मंगलाबाई जुन्या वळणाच्या. घरातली वस्तू दुसऱ्याच्या दारात जायची म्हणजे ती स्वच्छच जायची, मग ती ताटली असो की पोतं. लेकीच्या सासरी गेलेला डबासुद्धा त्यांनी चिंचेनं घासून पाठवला होता. सविताचं घर किती नीटनेटकं, आणि त्यात ही तंबाखूच्या वासाची, केसांनी भरलेली गोधडी? बाई काय म्हणेल? घरचा वास म्हणाली होती, पण असला वास कुणी दाखवतं होय दुसऱ्याला? हात आपले चालू झाले. सोड्यात भिजवली, पाण्याच्या मोटारीच्या धारेखाली दगडावर आपटली, शेवटच्या पाण्यात डेटॉल घातलं, आणि विहिरीजवळच्या तारेवर उन्हात टाकली.

वाळल्यावर काढायला गेल्या. सवयीनं नाकाशी नेली. साबण.

पुन्हा नेली. घडीच्या आतली बाजू बघितली, शिवणीत नाक खुपसलं. साबण आणि ऊन. मंगलाबाई तिथेच तारेखाली मटकन बसल्या. वर्षभर जावेपासून, साऱ्या भावकीपासून राखलं, आणि स्वतःच्या हातानं दगडावर आपटून घालवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गलांडी सविताकडे गेली, सोबत गोधडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सविताचा फोन. मांजर खात नाही, पाणी नाही, खोक्याच्या मागे बसलीय. गोधडी हुंगून लांब झाली. मंगलाबाईंनी फोन ठेवला आणि किशोरला हाक मारली. वाटेत त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मांजर उचलायची, घरी आणायची, आणि रूपालीला सांगायचं, बाई, मला जमत नाही, एखादी बाई लाव. या विचारानं त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती, आणि वाऱ्यानं लागली असं त्यांनी किशोरला सांगितलं.

सविताच्या खोलीत त्या जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दहावा, गाठोडं, मांजरीची गोधडी, सोडा, डेटॉल. सांगताना रडल्या. "तिचा धनी मी धुऊन टाकला," त्या म्हणाल्या. "आता ती कशाला खाईल?"

तेवढ्यात खोक्यामागून फाटका कान दिसला. गलांडी बाहेर आली. अंगावरून पाय टाकावा तशी गोधडी ओलांडून तडक मंगलाबाईंकडे आली, मांडीवर चढली, पदराखाली शिरली आणि पुढच्या पायांनी त्यांचं पोट मळायला लागली. घशातून घर्र घर्र असा आवाज. मंगलाबाईंनी हात वर धरले होते, कुठे ठेवावेत ते कळेना. घरी ती त्यांच्या मांडीवर कधी आलीच नव्हती. की त्यांनी कधी येऊ दिलं नव्हतं?

सविता हळूच म्हणाली, "काकू, वर्षभर त्या गोधडीवर रोज तुम्ही डोकं टेकत होता. त्यात तुमचाच वास असणार. ती तुमच्याशेजारी येऊन झोपत होती."

मंगलाबाईंनी मान खाली घातली. म्हणजे सहादू कधीच निघून गेले होते. कधी, कुठल्या महिन्यात, कळलंही नाही. आपण नाक खुपसून ज्याला धरून बसलो, तो आपलाच घाम होता. दगडावर त्यांनी काहीच घालवलं नव्हतं, घालवायला काही उरलंच नव्हतं. हे ऐकून बरं वाटावं की पुन्हा सुतक धरावं? बराच वेळ त्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अन्‌ त्या हाताखाली एक जीव होता, जो कालपासून त्यांच्यासाठी उपाशी बसला होता. सहादूंसाठी नाही. त्यांच्यासाठी.

मग त्या उठल्या आणि सविताकडे नेसायला एक साडी मागितली. आतल्या खोलीत जाऊन अंगावरची सोडली, मळ्यातल्या मातीची, कडेला गुलछडीचा चीक लागलेली, तशीच, न झटकता. ती खोक्यात पसरली. गलांडी तिच्यात शिरली, दोन गिरक्या घेतल्या, वेटोळं केलं. थोड्या वेळानं सुकटीच्या वाटीकडे तोंड वळवलं. किशोरनं परकी साडी बघून विचारलं, मोठी आई, माहेरी जाऊन आलीस का काय? मंगलाबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या.

बेंगळुरूला निघताना त्यांनी पिशवीत डिंकाचे लाडू भरले आणि वर ती गोधडी ठेवली. तान्ह्या जीवाला नवं कापड टोचतं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं. त्याच्या आजोबांचे पायजमे आणि आजीच्या साड्या, ऊन दिलेल्या, साबणाच्या वासाच्या. नातवंडाला तेवढे पुरे. पिशवीची चेन लावायच्या आधी त्यांचा हात गोधडीकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

स्टेशनवर सविताला फोन लावला. गलांडी खातेय, खिडकीत बसतेय, झोपते मात्र साडीतच, असं ती म्हणाली. खोली झाडताना सगळ्यांची अंथरुणं धुवायची असतात, तेव्हा ही साडीपण धुऊन ठेवू का, असं तिनं विचारलं.

"नको गं बाई," मंगलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. गाडी लागत होती, किशोर पिशव्या उचलत होता. "मी येईपर्यंत ती साडी धुऊ नको. आहे तशीच राहू दे."