जन्माआधीचा मोजा

विणायला मी शाळेत शिकले, अकराव्या वर्षी. शाळा बेळगावातली, मुलींची. शुक्रवारी शेवटचे दोन तास हस्तकलेचे असत. युद्ध चालू होतं आणि बाजारात लोकर मिळत नव्हती, म्हणून बाईंनी घरातलं जुनं काही उसवून आणायला सांगितलं. मी अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, कसर लागलेला पांढरा मफलर नेला. सुया म्हणजे सायकलच्या चाकातल्या दोन तारा. अण्णांनी त्यांची टोकं दगडावर घासून दिली होती.

पहिले दोन आठवडे टाके गळत राहिले. तिसऱ्या आठवड्यात हातांना समजलं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ओळ संपली की सुया हातातल्या हातात बदलायच्या. मी घाबरट मुलगी होते, आणि टाके मोजताना दुसरं काही मनात येत नसे. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत, दवाखान्यांच्या बाकांवर, गाडीच्या प्रवासात मी विणत आले ते याच कारणासाठी. मधले काही आठवडे मात्र विणण्याचीच भीती बसली होती. हे त्या आठवड्यांबद्दल आहे.

दिवाळीनंतर माझी थोरली बहीण निपाणीहून पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या खासबागेतल्या घरी आली. तिला मी आक्का म्हणत असे. तिला सातवा महिना होता. थंडीत बाळ येणार, तर त्याला मोजे हवेत, असं मी ठरवलं. कोणी सुचवलं नव्हतं. छत्तीस टाके घातले आणि पंधरा दिवसांत एक मोजा पुरा केला. दुसरा सुरू केला तो दप्तरातच होता.

पुरा झालेला मोजा मी आत्याला दाखवला. आत्या अण्णांची बहीण. लग्न होऊन येळ्ळूरला गेली होती, विधवा झाल्यावर आमच्याकडे आली. ती तांदूळ निवडत होती.

"कुनासाठी गं?"

"आक्काच्या बाळासाठी."

तिचा हात सुपात थांबला. "आक्कानं बघितलं?"

"न्हाय."

"उसव."

मी का म्हणून विचारलं. तिनं दाराकडे बघून आवाज उतरवला. "जे अजून आलं न्हाय, त्याच्यासाठी नवं काय करू नये. पहिलं अंगावर जुनंच घालत्यात, दुसऱ्याच्या लेकराचं. नवं बारशाला. गावात एकीनं हौसेनं आधी झबली शिवली. झबली तेवढी राहिली."

असा काही नियम आहे हे तो मोडेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर बसून मी मोजा उसवला. तिनं विचारलं, "दुसरा?"

"केला न्हाय," मी म्हटलं.

हे खोटं होतं. दुसऱ्याच्या दहा ओळी भूगोलाच्या पुस्तकामागे होत्या. त्या उसवल्या असत्या, पण शुक्रवारी बाई काम बघत, आणि हातातलं का उसवलं हे वर्गात सांगायची मला लाज वाटत होती. म्हणून दर शुक्रवारी मी चार-सहा ओळी विणत राहिले. आता टाके मोजताना मन रिकामं होत नसे. एकेक टाका म्हणजे आक्काच्या पोटावर केलेलं काहीतरी, असं वाटे. घरी आल्यावर मी आधी ती कुठे आहे ते बघायची. ती जिन्यावरून उतरली की खालच्या पायरीशी उभी राहायची. ती कण्हली की जेवण जात नसे. आईला वाटलं मला कावीळ होतेय. तिनं वैद्याचा काढा सुरू केला.

कळा दोन आठवडे आधी सुरू झाल्या, एका गुरुवारी सकाळी. सुईण आठ वाजता आली. अकरा वाजता ती खोलीतून बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना आणा. उशीर करू नका." अण्णा टांगा आणायला धावले. त्यांना धावताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी दप्तर घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर गेले, सुई ओढून काढली आणि उसवायला लागले. मोजा पाऊण झाला होता. लोकर सरळ सुटत नव्हती. एकदा मफलर म्हणून विणलेली, पुन्हा मोज्यासाठी विणलेली, ती जागोजाग पिंजून गुंतली होती. गाठ आली तिथे मी दातांनी तोडली. गल्लीत विणकरांचे माग चालू होते आणि त्या खटखटीत घरातलं फारसं ऐकू येत नव्हतं. आक्काचा आवाज आधी येत होता, नंतर तोही आला नाही. टांगा कधी आला, डॉक्टरीणबाई कधी आत गेल्या, मला कळलं नाही.

मग बाळाचं रडणं आलं. तेव्हा माझ्या हातात सात ओळी शिल्लक होत्या. हा क्रम मला नक्की आठवतो. बाळ माझ्या उसवण्यासाठी थांबलं नव्हतं. तरी मी हात थांबवला नाही. उरलेल्या साती ओळी उसवल्या, आणि मगच आत गेले.

मुलगा होता. आक्काला आठवडाभर ताप राहिला आणि त्या आठवड्यात माझी भीती कमी झाली नाही. दहाव्या दिवशी ती उशाला टेकून बसली. आई न्हाणीत होती. आक्कानं मला जवळ बोलावलं.

"मोजा कुठाय गं?"

"कसला?"

"दप्तरातला."

मी दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू बाहेर गेलीस की मी दप्तर उघडायची. ओळी मोजायची."

"आत्याला सांगितलं न्हाईस?"

"तिनं उसवायला लावला असता की."

"तुला भ्या वाटलं न्हाय?"

"लई वाटलं. ओळ वाढली की वाटायचं. न वाढली की जास्त वाटायचं, आता ह्याचे पाय तेवढेच राहत्यात काय म्हणून."

मी उसवल्याचं सांगितलं आणि रडले. तिनं पदरानं माझं नाक पुसलं. मग म्हणाली, "बरं केलंस, येडे. छत्तीस टाके घातलेलेस. माझ्या पोटात काय हत्तीचं पिल्लू हुतं व्हय गं?"

तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं. मी दप्तरातल्या लोकरीचा तुकडा बाळाच्या पावलाभोवती गुंडाळून माप घेतलं. पाय गरम होता. आत्या शेगडी घेऊन आत आली, माझ्या हातातली लोकर बघून थांबली, मग शेगडी खाटेखाली सरकवली. "बारसं व्हायला दोन दिस हाईत," ती म्हणाली. "एवढ्यात दोन होत्यात?"

"एक होईल."

"मग एक घाल. दुसरा पाय पदराखाली धरू."

चोवीस टाके पुरणार होते. ते घालताना दोनदा चुकले. पहिली ओळ झाल्यावर मी बाळाच्या छातीकडे पाहिलं. ती हलत होती. मग दुसरी ओळ घेतली, आणि ती संपल्यावर पुन्हा पाहिलं.