शेवंताची आई आणि टीव्हीवरचा धूसर ठिपका

दारव्ह्याच्या बसस्टँडवर आर्णीच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा फोन आला. शेवंता टेकाम गेली. ड्युटीवरून घरी आली, चहा ठेवला आणि गॅसपाशीच कोसळली. मी तिलाच भेटायला निघाले होते... गाडी लागली, तशी त्याच गाडीत बसले.

यवतमाळला नर्सिंग शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची. तुमच्याकडे अजून कपडे घालत नाहीत का, असं वसतिगृहात कुणी विचारलं तर हसून सोडून द्यायची. पुढे मात्र अशी एक गोष्ट झाली, की ती तिने सोडली नाही.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीचे लोक पोडावर आले. शेवंताची आई लछमाबाई टोपली विणत बसली होती, अंगात ब्लाउज होता. जुन्या काळी बाया राहायच्या तसं दाखवायचं आहे, तेवढा काढून ठेवा, अशी त्यांनी विनवणी केली. तरुणपणी तिने कधी चोळी घातली नव्हती. पाहुण्यांचं मन कशाला मोडा म्हणून तिने ब्लाउज काढला. कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मी आर्णीला शेवंताकडेच होते. आईचं उघडं अंग पडद्यावर लख्ख दिसलं. पाठोपाठ त्याच वाहिनीवर परदेशातल्या समुद्रकाठचा कार्यक्रम सुरू झाला, आणि वाळूत पहुडलेल्या गोऱ्या बायांच्या छातीवर धूसर ठिपके होते. शेवंता तो शेवटपर्यंत बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने वाहिनीला फोन लावला. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, ती आदिवासी संस्कृती आहे. त्यात अश्लील काही नाही."

"मग गोऱ्या बाईच्या अंगात अश्लील काय होतं?" शेवंताने विचारलं.

वर कळवते, असं उत्तर आलं. पुढे किती महिने तेच उत्तर येत राहिलं. आता कायले वाढवून राह्यली, लोक विसरले, असं शेजारपाजारचे तिला समजवायचे. पण कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागायचा, आणि दवाखान्यात कुणीतरी ओठ दाबून हसत सांगायचंच, की तुमची माय पाह्यली टीव्हीवर.

अखेर दुरुस्ती केल्याचं वाहिनीने कळवलं. आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो. लछमाबाईचं अंग होतं तसंच उघडं होतं, ठिपका टाकला होता तो चेहऱ्यावर. शेवंता रागाने रडायला लागली. म्हातारी म्हणाली, "उघड्या अंगाची लाज नाही मले. पन माह्यं तोंड काहून झाकलं? म्या काय चोरी केली?"

 शेवंता पुन्हा फोन करत राहिली, मरेपर्यंत. कार्यक्रम अजून लागतो.

परवा तिच्या घरी गेले. भिंतीवर लावायच्या फोटोत स्टुडिओवाल्याने शेवंताला आपल्याच मनाने गोरी करून दिली होती. लछमाबाई तो फोटो घेऊन दुकानात परत गेली आणि माही पोरगी काळी होती, तशीच द्या, म्हणून तिथे बसून राहिली. आता भिंतीवर खरी शेवंता आहे, पांढऱ्या गणवेशातली, काळी, भुवया आवळून सरळ समोर बघणारी. म्हातारी रोज सकाळी पदराने काच पुसते. आधी तोंडावरची.