पांढऱ्या पोटाची टाकी

काशीराम परबाला कसलीच वाट बघवत नाही. चहा तो उकळता घशाखाली ओततो, लग्नात पहिल्या पंगतीला बसतो आणि हात धुऊन निघालासुद्धा! नाहूरच्या त्याच्या सोसायटीत लिफ्ट वर अडकली तर बटण दाबत बसणारा माणूस कोण, हे वॉचमनला न बघता कळतं.

असा माणूस पोटापाण्याला काय करतो, तर साकीनाक्याच्या एका गाळ्यात जुन्या कूलिंग प्लांटमधला गॅस काढतो. हे काम घाईचं मुळीच नव्हे. टाकीत गॅस दाबाखाली असतो, तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. दाब एकदम काढला की तो खदाखदा उकळायला लागतो, आणि गंमत म्हणजे उकळता उकळता स्वतःच गारठतो. इतका, की उकळणंच बंद पडतं. मीटरचा काटा शून्यावर येतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं, टाकी रिकामी. तळाशी मात्र तो पातळ गॅस गप्प पडून असतो, आणि जिथपर्यंत तो असतो तिथपर्यंत टाकीचं पोट बाहेरून दव गोठून पांढरंफटक दिसतं. ते पांढरं वितळलं, काटा पुन्हा चढला, की परत थोडं थोडं काढायचं. जगात फक्त या टाकीपुढे काशीराम शहाण्यासारखा बसतो. घरी जेवताना बायकोला, रत्नप्रभेला, हे त्यानं इतक्यांदा ऐकवलंय की तिला ते पाठ झालंय.

तिच्याच बाबतीत त्यानं घोळ घातला होता. सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी झाली, रविवारी सामान वर चढवायचं होतं. घाईघाईत काशीरामनं तिचा पाटा-वरवंटा भंगारवाल्याला देऊन टाकला. मिक्सर आहे की घरात! रत्नप्रभेला कळलं तेव्हा ती भडकली, वरवंट्यासारखाच एक शब्द तिनं फेकला, आणि मग एकदम गप्प झाली. चहा देई, डबा भरी, विचारलं तर "हो" नाहीतर "नाय". काशीरामचा जीव भांड्यात पडला. तिनं देवगडला भावाकडे जायची बॅग भरली, फक्त जायचं तिकीट काढलं, परतीचं नाही, तरी हा खुशीत. जरा हवापालट होईल म्हणे.

ती निघायच्या आदल्या दिवशी गाळ्यात एक मोठी टाकी आली होती. मालकाला ती लवकर कापून हवी होती, म्हणून गॅस जोरात ओढला होता. हाताखालचा पोरगा आकाश कटर पेटवायला पुढे झाला.

"काका, काटा झिरोवर आला ना. कापू?"

"अरे थांब, मेल्या! पोट बघ तिचं!"

टाकी निम्म्यापर्यंत पांढरी होती. आकाशनं कटर खाली ठेवला आणि दोघं स्टुलावर बसले. थोड्या वेळानं काटा आपणहून हलला, वर सरकला. आकाश म्हणाला, "आयला, वाट लागली असती!" त्या पांढऱ्या पोटाकडे बघता बघता काशीरामला रत्नप्रभेचा तो "हो" आणि "नाय" आठवला, आणि तो ताडकन उठला.

वॉल्व्ह बंद करून, टाकीला उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही असं बजावून त्यानं रिक्षा पकडली. वाटेत भंगारवाल्याला फोन लावला. पाटा कधीच पुढे गेला होता, कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी बॅग दाराशी उभी होती. रत्नप्रभेनं चहा पुढे ठेवला. काशीराम स्वयंपाकघरात तिच्यासमोर लादीवर मांडी घालून बसला.

"पाटो नाय गावलो," तो म्हणाला. "माझीच चूक. रत्ना, बोल. जां काय आसा तां बोल."

"काय बोलू?" ती म्हणाली. मग ती पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत राहिली. काशीराम बसून राहिला.

"आयेनं तो पाटो डोक्यार घेवन येस्टीत चढवलो होतो," ती एकदम म्हणाली. "माका एकदा तरी विचारलास?"

तिथून ती बोलायला लागली. आईचं वाटण, त्या दगडावर पडलेला हातांचा खळगा, मग जुन्या घराचे पडदे, मग लग्नानंतरच्या कुठकुठल्या गोष्टी. मध्ये रडली, मध्ये चिडली. काशीराम एकदाही "बरं, झालं का?" म्हणाला नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं. तिची नजर त्याच्या कपाकडे गेली. चहावर साय धरली होती.

"गार केलास," ती म्हणाली.

"आसू दे." त्यानं तसाच तो पिऊन टाकला.

"माझा परतीचा तिकीट काढ."

काशीरामचा हात ताबडतोब मोबाइलकडे गेला.

"पण लगेचचा नको," रत्नप्रभा म्हणाली.

त्यानं मोबाइल खाली ठेवला.