नळीचं दुसरं टोक

शारदाअक्कांचा फोन आला तेव्हा मी डबा हातात घेऊन लिफ्टची वाट पाहत होते. "रेवती, अण्णा गेले ग. झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या खालच्याच मजल्यावर त्यांचं घर. जिना उतरून गेले, तर अक्का अण्णांच्या उशाशी शांत बसल्या होत्या. अण्णांचा उजवा हात चादरीवर होता. इतक्या वर्षांत तो हात स्थिर असलेला मी पहिल्यांदाच पाहिला...

माधवअण्णांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत 'जरा'ऐवजी 'स्वल्प' आणि 'ठीक आहे'ऐवजी 'सरी' इतके मुरलेले, की ते शब्द कानडी आहेत हे त्यांना सांगावं लागे. मी नागपूरची, नोकरीसाठी एचएसआर लेआउटमध्ये आलेली. माझी मराठी ऐकून ते गालात हसायचे. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळण्यात झाली होती. पुढे कंपवात झाला. गाडी विकावी लागली आणि अक्कांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. एकदा पान्याने बोट चेचून घेतलं होतं म्हणे. त्यानंतर अण्णा सकाळी आवारात फेऱ्या मारत आणि दुसऱ्यांच्या गाड्यांकडे पाहत.

त्या सुमारास आईला उपचारांसाठी मी नागपूरहून आणलं होतं. रोज रेडिएशनला न्यायचं, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते. नेमका तेव्हाच माझ्या जुन्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने तो घालवून दिला, दोन दिवसांत पुन्हा लागला. पुन्हा घालवला, पुन्हा लागला. मग ते म्हणाले, सेन्सर बदलून पाहू, गाडी आठवडाभर ठेवून जा. आठवडाभर आईला कशी नेणार? मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून नुसती उभी होते. आत काय बघायचं तेही मला कळत नव्हतं. फेरी मारून येणारे अण्णा थांबले.

"दिवा लुकलुकतोय, की नुसता लागलाय?"

नुसता लागलाय, म्हटलं. "मग घाबरू नको. आईला आज घेऊन जा. लुकलुकला असता, तर जागची हलवू नको म्हटलं असतं."

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ते प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन खाली बसले होते. पेटी माळ्यावरून कशी उतरली ते मी विचारलं नाही. स्टीअरिंगखाली लावायचं एक छोटं यंत्र होतं, ते मोबाइलवर बिघाडाचा कोड दाखवायचं. अण्णांनी तो वाचला आणि समजावलं, की इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. सेन्सर बहुतेक खरंच बोलतोय, त्याला बदलून काय होणार? जादा हवा कुठून शिरते ते शोधायला हवं. मग त्यांनी एक लांब रबरी नळी काढली. एक टोक स्वतःच्या कानाला लावलं, दुसरं माझ्या हातात दिलं. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवत, मी ते टोक एकेका जोडापाशी न्यायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. "पुढे... अजून मागे... स्वल्प थांब." पाठीमागच्या एका बारीक पाइपापाशी त्यांनी डोळे उघडले. फुसफुस ऐकू येत होती. उंदराने पाइप कुरतडला होता.

दुसऱ्या दिवशी मी तसला पाइप आणला. तो बसवून क्लिप आवळायची राहिली, तेव्हा अण्णा उठले आणि माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेत बसेना. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा प्रयत्न केला. स्क्रूड्रायव्हर निसटून खाली पडला. मी वाकले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच तो उचलून माझ्यापुढे धरला.

"तू कर. मी सांगतो."

मी केलं. त्यांनी कोड पुसला आणि आम्ही जवळच्या आगरा तळ्यापर्यंत चक्कर मारून आलो. दिवा लागला नाही. त्या दिवशीच काय, आईचे उपचार पुरे होऊन ती नागपूरला परतली तोवर नाही. जाताना आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते संकोचून मागे सरले. म्हणाले, काम तुमच्या मुलीने केलं, मी नुसतं ऐकलं.

त्यानंतर रविवारी आमच्या इमारतीतली कुठली तरी गाडी उघडी असे. अण्णा स्टुलावर, मी बॉनेटमध्ये. अक्का वरून कॉफी पाठवत. पेटी परत माळ्यावर गेली नाही.

अस्थी विसर्जनासाठी कावेरीकाठी श्रीरंगपट्टणला जायचं ठरलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, रेवतीच्या गाडीतून जाऊ. पहाटे त्या माझ्या शेजारी बसल्या, कलश मांडीवर घेऊन. मी किल्ली फिरवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून, शाल हवी का, असं विचारलं. अक्कांनी हलकेच हात वर केला. मग लक्षात आलं. गाडी सुरू झाली, की इंजिन एका लयीत येईपर्यंत अण्णा कुणाला बोलू देत नसत. लग्नापासूनची सवय त्यांची, अक्का नंतर म्हणाल्या. भांडण चाललेलं असलं, तरी तेवढ्यापुरतं थांबायचं.

आम्ही दोघी गप्प बसून ऐकत राहिलो. इंजिन हळूहळू निवांत झालं.

"सरी," अक्का म्हणाल्या. "चल आता."