सनईच्या मापाचे दात

“घाई कुणाला हाय? मला तर न्हाय,” असं म्हणत डॉक्टर पेन्सिल कानावर अडकवायचे आणि दातदुखीनं कळवळणाऱ्या माणसाशी गप्पा सुरू करायचे.

सत्तरच्या दशकात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या दवाखान्यात मी कवळ्या बनवायचो. पेशंट बोलतोय, आणि हे त्याच्या ओठांकडे बघत कागदावर रेघा मारतायत, असं तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. ठसा आणि माप घेतल्याशिवाय ते दाताला हात लावत नसत. परदेशात हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. “तिथं केसभर चुकून चालत नसेल,” म्हणायचे, आणि माझी कवळी केसभर चुकीसाठी परत पाठवायचे. मला लई राग यायचा.

एकदा मैंदर्गीहून सनई वाजवणारे अप्पा आले. पुढचे चार दात हलत होते, काढावेच लागणार होते. दोन महिन्यांवर लेकीचं लग्न.

“डॉक्टरसाब, दात जाऊ द्या, फुंक जाऊ नये. लेकीच्या लग्नात दुसऱ्यानं वाजवली, तर मी तोंड कुटं लपवू?”

“उद्या सनई घेऊन या की.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भर सकाळी सनई वाजली. कुणाचं लग्न, म्हणून रस्त्यावरची माणसं दारात जमली. डॉक्टर अप्पांच्या ओठांशी पट्टी धरून मोजत होते. मग ठसे घेतले आणि दात काढले.

जखम भरल्यावर, पक्की कवळी करण्याआधी घालून बघायला, मी मेणावर नवे दात लावले. अप्पांचा एक दात मुळात तिरका होता, तो मी सरळ करून टाकला. म्हटलं, लग्नात बाप जरा देखणा दिसू दे. अप्पांनी ते दात घालून फुंकलं, तर नुसती हवा. त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी जुना ठसा शेजारी ठेवला. “छान केलायस रे, पण हा अप्पांचा दात न्हाय.” रागावले नाहीत. मेण गरम करून त्यांनी दात होता तसा तिरका केला. या खेपेला सूर लागला आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. अक्षता पडायला लागल्या, अप्पांनी सनई उचलली. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते, डॉक्टर एकटे अप्पांच्या तोंडाकडे. सूर कुठंही फाटला नाही. “डॉक्टर, अक्षता टाका की,” मी म्हटलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.

आता ते नाहीत. मला आठवतात ते मांडवातले डॉक्टर: अक्षता तशाच मुठीत, आणि सनईबरोबर स्वतःचेच ओठ हलवत उभे.